तुझ्या माघारी ओवीचा बाजार

"दिप्या, थे पैसे काढून घे पहिले पोरीच्या हातातून! फुकट गेले समज!"

ताई ओरडत होती. माझी ताई हिंगणघाटात ओरडली तर वर्ध्याच्या स्टँडवर उभी असलेली एसटी आपोआप चालू होते, हे तुला नव्याने सांगायला नको. त्या दिवशी तर ती हिंगणघाटात नव्हतीच. आपल्याच पुढच्या खोलीत, तुझ्या फोटोपासून हातभर अंतरावर उभी होती. देवाशपथ सांगतो वैशू, फोटोतली तूसुद्धा जराशी मागे सरकलीस.

झालं असं होतं की तुझी तेरवी आटोपली आणि पाहुणे निघाले. आणि निघणारा प्रत्येक माणूस दारात चपला घालता घालता ओवीला जवळ ओढायचा, तिच्या डोक्यावरून हात फिरवायचा आणि तिच्या मुठीत एक नोट कोंबायचा. रीतच आहे आपल्याकडची. एरवी पाहुणे जाताना खाऊला पैसे देतात, आपण "राहू द्या हो, कशाले" म्हणतो, लेकरू आपल्या तोंडाकडे बघतं, आपण डोळ्यांनीच "घे" म्हणतो. पण या वेळी "राहू द्या" म्हणणारं दारात कोणी नव्हतं. ते खातं तुझं होतं. मी आपला भिंतीला पाठ लावून भिंतीला पडू देत नव्हतो.

मग त्यात चढाओढ लागली. माझ्या चुलतभावाने शंभर दिले, ते पाहून त्याच्या साडूने दोनशे काढले, आणि वडनेरच्या तुझ्या मोठ्या काकांनी पाचशेची नोट अशी काही उलगडली की मागचे चारजण खिसे तपासायला परत आत गेले. ओवी सगळ्यांना वाकून नमस्कार करत होती आणि ती फुगलेली मूठ गरम वडा धरावा तशी अंगापासून लांब धरून उभी होती. सहावीतली पोर. आई गेल्याची एवढी रोख भरपाई मिळते हे तिला कुठे ठाऊक होतं?

"एवढाल्या पोरीजवळ एवढे पैसे कोण ठेवते?" ताई म्हणाली. "बँकेत टाक. नाई तं माह्याजवळ दे, कानातलं करून ठेवू तिच्यासाठी."

आणि मी, ज्याने आयुष्यभर या मुद्द्यावर तुझ्याशी भांडण केलं, त्या मी काय म्हणावं?

"ज्याच्या हातात देल्ले त्याचे, ताई."

तुझं वाक्य. शब्दन् शब्द तुझं. तोंड माझं होतं इतकंच.

"उडवीन थे!"

"उडवू दे."

असं मी छाती काढून म्हणालो खरा, आणि ताईने पुढे काही विचारायच्या आत चहा टाकायला आत सटकलो. कारण ते वाक्य पेलणारी तू होतीस. मी ते फक्त उसनं घेतलं होतं, आणि त्याच्यापुढे काय करायचं असतं ते मला येत नव्हतं.

*

लोक मला विचारतात, वहिनी कशा होत्या? मी त्यांना सांगतो की सेवाग्रामच्या दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत बाई बसायची, पण सुई न टोचता नुसत्या नजरेने साखर सांगायची. सांगतो की वांग्याच्या ढिगासमोर तू उभी राहिलीस की किडकी वांगी स्वतःहून बाजूला व्हायची. लोक हसतात. मग उठून जातात आणि मी घरात येतो.

ओवी दुसरीत गेली तेव्हा तू तो कायदा काढलास. आठवड्याचा बाजार ओवी करणार. पैसे तिच्या हातात, पिशवी तिच्या खांद्यावर. तू बाजाराच्या तोंडाशी कडुलिंबाखाली उभी राहणार, आत ती एकटी जाणार. आणि ती जे आणीन थेच घरात शिजीन. त्यात बदल नाही, कुरकुर नाही, वरून मागवणं नाही.

मी म्हणालो, "अवं, लेकरू आहे ते. वजनकाट्याएवढी उंची नाई तिची."

तू म्हणालीस, "म्हणूनच. काटा तिच्या डोळ्यासमोर येते."

आणि मग आला कोहळ्याचा आठवडा. आपल्या मोहल्ल्यात लोक अजून त्याआधीचं आणि त्यानंतरचं असं सालाचं मोजमाप करतात. ओवी बाजारातून परत आली ती रिकामी पिशवी हलवत, आणि तिच्या मागून एक माणूस डोक्यावर, पुस्तकात ज्याला लाल भोपळा म्हणतात ते, कोहळं घेऊन. कोहळं म्हणजे काय! ऑटोवाल्याने त्याचं वेगळं भाडं मागितलं. घरात आणलं तर दारातून आडवं जाईना, उभं करून न्यावं लागलं. मी वाजवून पाहिलं तर आतून कोणीतरी "कोण हाय?" म्हणेल अशी मला खात्री होती.

"मामा म्हणे, आखं घेतलं तं स्वस्त," ओवी म्हणाली. तिचा चेहरा असा फुललेला, जसं काही तिने बाजार लुटून आणला.

सगळे पैसे गेले होते. कांदा नाही, मिरची नाही, भाजीवर भुरभुरायला सांभार नाही. तू विळा काढलास. पहिल्या दिवशी कोहळ्याची भाजी झाली. मग कोहळ्याची डाळ. मग गूळ घालून तळलेली कोहळ्याची बोंडं. मग परत भाजी. मी ओरडलो, पाय आपटले, उपोषणाची धमकी दिली. आपलं वर्धा आश्रमाचं अन् उपोषणाचं गाव असलं तरी माणूस मी जेवणाचा, त्यामुळे ती धमकी संध्याकाळपर्यंत टिकली नाही. सावंगीला आमच्या कॉलेजच्या ऑफिसात साहेबांनी माझ्या डोळ्यांकडे पाहून काविळीची तपासणी करून यायला सांगितलं. रक्ताची नळी तुझ्याकडेच आली. तू घरी येऊन म्हणालीस, "कावीळ नाई. कोहळं हाय."

पण त्या आठवड्याच्या शेवटाला ताटावर बसून ओवी रडायला लागली ते मला आठवतं. मला वाटलं, आता ही बाई विरघळणार. तू तिच्या पाठीवर हात ठेवलास आणि विचारलंस, "पुढच्या बाजारी काय करशीन?"

"फाक घेईन," ओवी हुंदके देत म्हणाली. "आखं नाई घेत."

तू तिला पोटाशी धरून इतकी हसलीस. मी तुला एकटीने त्या कोहळ्याच्या बिया वाळवताना पाहिलं होतं, तुझंही तोंड आंबलेलं होतं, हे तिला कधी कळू दिलं नाहीस. मला ते तुला सांगायचं होतं, की मी पाहिलं म्हणून. आणि ती बोंडं मला फार आवडली होती. तेही राहिलं. भांडणात हरल्यासारखं झालं असतं ना.

*

तुझं हे वेड कुठून आलं ते तू एकदाच सांगितलंस, गव्हातले खडे वेचता वेचता, माझ्याकडे न बघता.

वडनेरच्या घरात पैसा तुझ्या बाबांच्या खिशात राहायचा. कोणाला काही कमी नव्हतं. बांगड्या घरी यायच्या, वह्या घरी यायच्या, दिवाळीचं कापड घरी यायचं, पुढे लग्नाचा शालूसुद्धा तसाच घरी आला. तू कधी काही निवडलं नव्हतंस. लग्नाच्या आधी नोकरी लागली, सेवाग्रामला खोली घेतलीस, पहिला पगार झाला. साबण घ्यायला दुकानात गेलीस. दुकानदाराने विचारलं, "कोणता?" आणि तुला बोलताच येईना. हातात नोट, तोंड कोरडं. मागे माणसं उभी. तू तशीच खोलीवर परत आलीस आणि बेसन लावून आंघोळ केलीस.

"नोकरीवाली बाई," तू म्हणालीस, "लोकाईच्या रक्तातलं सगळं सांगत होती. मले साबण कोणता पायजे थे सांगता नाई आलं. ओवीचं असं नाई होऊ द्याचं."

मी तेव्हा काहीतरी विनोद केला. कोणता ते आठवत नाही. चांगला नसणार.

तू म्हणायचीस की उडवणारं पोरगं शिकते, त्याचं भय नाही. भय त्या लेकराचं, ज्याला खर्चच करता येत नाही. ते मोठं झालं की आपले पैसे अन् आपलं मन दुसऱ्या कोणाच्या तरी हाती देऊन टाकते, अन् म्हणते, तुम्हीच पाहा.

एक भांडण मात्र अर्धंच राहिलं आपलं. मी म्हणत होतो, तिला फोनवरून पैसे द्यायला शिकव, आता शेंगावालीजवळही तो काळा-पांढरा चौकोन टांगलेला असतो. तू म्हणालीस, "फोनातून जाताना पैशाले वजन नसते. तिच्या हातून नोट जाऊ द्या. हात हलका झाला हे तिले समजू द्या."

"अन् मोठी झाल्यावर? तवा नोटाच नसतीन तं?"

तू "पाहू" म्हणालीस. मग तुझा ताप सुरू झाला आणि ते "पाहू" तसंच राहिलं. माझंच बरोबर होतं, वैशू, हे मी इथे ठणकावून लिहून ठेवतो. पण समोर कोणी नसताना जिंकलेल्या कुस्तीचा नारळ घेऊन माणसाने जावं कुठे?

*

आता मुद्द्यावर येतो. मुद्द्यावर यायला मला भीती वाटते म्हणून इतका फिरलो.

ओवीने तेरवीच्या त्या पैशांतला एक रुपयाही खर्च केला नाही.

मला वाटलं होतं पोरगी उडवेल. ताईच्या म्हणण्याप्रमाणे उडवेल, आणि मग मी तुझ्यासारखा शांत राहून विचारीन, पुढच्या बाजारी काय करशीन? मी आरशासमोर ते वाक्य म्हणूनसुद्धा पाहिलं. पण ती काही घेईचना. तिच्या सँडलचा पट्टा तुटला, तिने त्याला सेफ्टी पिन लावली. पेन्सिल इतकी आखूड झाली की लिहिताना नुसती बोटंच कागदावर फिरताना दिसायची. मी म्हणालो, नवीन घेऊ. ती म्हणाली, "चालते."

चालते! हा शब्द मी आजवर सरकारी ऑफिसात, पंक्चरवाल्याकडे आणि तुझ्या भावाच्या तोंडून ऐकला होता. लेकराच्या तोंडून ऐकला आणि मी तडक गाडीची चावी उचलली.

मी तिला मेन रोडवर चपलेच्या दुकानात घेऊन गेलो. दुकानदाराने तिच्यासमोर डब्यांचा किल्ला बांधला. ती प्रत्येक डब्याकडे नीट बघायची आणि "नको" म्हणायची. मी घड्याळाच्या दुकानात नेली. "नको." मी तिला आईस्क्रीम घे म्हणालो तर म्हणाली, "थंडी आहे." थंडी होती, हे खरं. पण तिच्या वयात आपण बर्फाचे गोळे थंडीतच खाल्ले.

मग शेजारपाजारचे कौतुक करायला लागले. "किती समजदार झाली हो पोरगी!" समोरच्या काकू म्हणाल्या. "आई गेली अन् एकदम मोठी झाली." मी हसून मान हलवली. ते कौतुक ऐकून मला जेवण जाईना. सहावीतली पोरगी समजदार झाली तर बापाने कोणाकडे तक्रार करायची?

मला कारण ठाऊक होतं, किंवा ठाऊक आहे असं मला वाटत होतं. बसायला येणारे लोक हळू आवाजात म्हणायचे, "आजारपणानं लय नेलं असन ना?" आणि हळू आवाज म्हणजे आपल्या लोकांचा हळू आवाज, नालवाडीपर्यंत जाणारा. ओवी त्यांच्यामधून पाण्याचे ग्लास घेऊन फिरत होती. तिने ऐकलं. तिला वाटलं असणार, घर बुडालं. म्हणून मी तिला आपल्या श्रीमंतीच्या गोष्टी सांगायला लागलो. म्हणालो, बँकेत गेलो की मॅनेजर उठून उभा राहतो, शिपाई पंखा माझ्याकडे वळवतो. ती म्हणाली, "हो." जसं आपण पिसाळलेल्या माणसाला हो म्हणतो तसं.

आणि दुसरी भीती तर मी कोणाला सांगितलीच नाही. तू दवाखान्यात गेलीस ती स्वतःच्या पायाने, पर्स घेऊन, दूध फ्रिजमध्ये ठेवा असं सांगून. घराबाहेर गेलेलं माणूस परत येतंच असं नाही, हे मला या वयात शिकायला मिळालं. म्हणून तेव्हापासून मी ओवीला नजरेआड होऊ देत नाही. शाळेचा ऑटो बंद केला, मीच सोडतो, मीच आणतो. शिकवणीच्या पायरीवर मी बसलेला असतो. वहीच्या दुकानात मी, मैत्रिणीच्या वाढदिवसाला मी, तिथे केक कापायलासुद्धा त्यांनी मलाच बोलावलं. माझी सावली थकून घरी बसली, मी नाही बसलो. साहेब म्हणाले, "अहो, तुम्ही इथं नोकरी करता का पोरीच्या शाळेत?"

आणि रोज संध्याकाळी तिला "नको" म्हणताना पाहून मला ते साबणाचं दुकान दिसायचं. हातात नोट, तोंड कोरडं. ज्या एका गोष्टीसाठी तू इतकी वर्षं आटापिटा केलास, कोहळं खाल्लंस, माझं तोंड सहन केलंस, ती गोष्ट माझ्या हातात आली आणि महिनाभरात मोडली. तुला काय तोंड दाखवू, असा विचार यायचा. मग आठवायचं की दाखवायचा प्रश्नच नाही. त्याने आणखीच जीव घाबरायचा.

*

बाजाराच्या दिवशी ओवी स्वतःहून पिशवी काढून म्हणाली, "बाबा, मी बाजार करून येते."

माझ्या जिवात जीव आला. "चल, मी येतो ना."

"कशाले?"

"असंच."

तिने खांदे उडवले. आम्ही गेलो. कडुलिंबाखाली ती क्षणभर थांबली, माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "चल ना, थांबली काऊन?" आणि आम्ही आत शिरलो.

बाजार भरला होता. तुरीच्या शेंगांचे ढीग, हरभऱ्याची कोवळी भाजी, बोरं, संत्री. ओवी पुढे, मी मागे. ती प्रत्येक दुकानासमोर थांबायची, वांगं उचलून देठ बघायची, शेंग दाबून बघायची, भाव विचारायची आणि पुढे जायची. माझं मन फुललं, आता घेईल, आता घेईल. ती घेईचना. सगळा बाजार पालथा घातला, पिशवी रिकामी.

शेवटी एका ताडपत्रीवर सँडल मांडलेले होते. तिथे तिचे डोळे अडकले. जांभळ्या रंगाचे, बकलवाले. मी बघितलं तिला बघताना. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या चेहऱ्यावर काहीतरी हवं असल्याची खूण दिसली.

"घाल बाई, घालून पाह," दुकानदार म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांत दिवाळी उजळली.

ओवीने घातले. चार पावलं चालली. वाकून पायांकडे पाहिलं. मग काढून ठेवले, आपले पिन लावलेले घातले आणि म्हणाली, "नको."

आणि मी सुटलो.

"नको काऊन? घे! घे म्हणतो ना! दोन घे! अन् थे लाल बी बांध रे भाऊ! अन् पलीकडच्या त्या क्लिपा बी घे, सगळ्या घे!" मी असा ओरडलो की पलीकडची शेंगा तोलणारी बाई काटा धरून तशीच राहिली. माणसं जमली. दुकानदार दोन्ही हातांनी बांधायला लागला. "पैसे हायेत तुह्याजवळ! माह्याजवळ हायेत! आपण काही बुडलो नाई! तुही आई असती तं..."

मी, ज्याचा आवाज बंद व्हावा म्हणून तू नवस बोलायचीस, तो मी भर बाजारात तोंड उघडं ठेवून उभा होतो.

ओवीने दुकानदाराला सांगितलं, "काका, सोडून ठेवा ते." आणि माझा हात धरला. म्हातारा माणूस रस्ता ओलांडायला न्यावा तसं तिने मला बाजाराबाहेर आणलं. तिथून घरापर्यंत मी न बोलता चाललो, हे तुला कोणी सांगितलं तर तू मानणार नाहीस.

घरी भाजी नव्हती. तिने वरणभात लावला, मी लोणचं काढलं. आम्ही समोरासमोर बसलो. शेवटी मी विचारलंच. जमेल तितक्या हळू विचारलं, म्हणजे समोरच्या काकूंना सगळं ऐकू गेलं नसेल.

"ओवी, तुले भीती वाटते का? पैसे सरतीन म्हणून?"

"नाई."

"लोकं बोलले थे ऐकून काही मनात घेतलं का?"

"नाई."

"थे सँडल आवडले नाई का तुले?"

"आवडले ना."

"मंग घेतले काऊन नाई, माय?"

तिने भातावर वरण वाढून घेतलं, नीट कालवलं, आणि वर न बघता म्हणाली,

"आईनं सांगून ठेवलं हाय. बाबा संग असले का काही घ्याचं नाई. भाव वाढते."